भाऊंची सही

आमच्याकडं माझ्या लहानपणी बापाला बाबा म्हणणारी पोरं तशी कमीच होती. एकत्र घर, धाकटे चुलते ज्याला भाऊ म्हणायचे तो पोरांचाही भाऊच व्हायचा. कुणाचा बाप दादा, कुणाचा काका, एका मैत्रिणीचे वडील तर तिचे चक्क 'मामा' होते, कारण आत्याची पोरं शिकायला त्यांच्याकडं राहिलेली आणि त्यांचं ऐकून ऐकून हीपण तेच म्हणायला लागलेली. त्यामुळं हार्पर लीच्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड'मधली ती स्काउट बापाला सरळ अ‍ॅटिकस अशी नावानं हाक मारते यावर एम.ए.च्या वर्गात मॅडमनी पंधरा मिनिटं घालवली, बघा कसं वेगळं पालकत्व वगैरे, तेव्हा मला त्यात काही विशेष दिसलं नव्हतं. मला वेगळंच काहीतरी दिसलं होतं आणि ते वर्गात बोलायची सोय नव्हती.

ते १९९० साल. औरंगाबादला होस्टेलवर राहायचे. कादंबरी आली १९६० ला, पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं, १९६२ ला ग्रेगरी पेकचा सिनेमा आला, हे सगळं परीक्षेपुरतं पाठ होतं. गोष्ट बहुतेकांना माहितीच असेल. अमेरिकेच्या दक्षिणेतलं अलाबामा राज्य, तिथलं मेकोम्ब नावाचं काल्पनिक लहान गाव, १९३० च्या दशकातली मंदी. बायको वारलेला, पन्नाशीकडं झुकलेला वकील अ‍ॅटिकस फिंच आणि त्याची दोन पोरं, जेम आणि स्काउट. टॉम रॉबिन्सन या काळ्या माणसावर गोऱ्या पोरीवर बलात्कार केल्याचा खोटा आरोप आहे आणि त्याचं वकीलपत्र अ‍ॅटिकसकडं. सगळं गाव उलटतं. शेवटी ज्युरी टॉमला दोषी ठरवतेच.

मी होस्टेलच्या कॉटवर पडून हे वाचत होते आणि माझ्या डोळ्यासमोर काही केल्या अलाबामा येईना. येत होती ती परभणी जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावातली ढाळज. वाड्याच्या दारातून आत आलं की डाव्या हाताला, सतरंजी, दोन लोड, एक शिसवी टेबल, त्यावर शाईचे डाग, भिंतीला कायद्याच्या पुस्तकांचं कपाट. ते भाऊंचं ऑफिस. माझे वडील वकील होते.

भाऊ निजामाच्या राज्यात जन्मलेले, सुरुवातीची शाळा उर्दूतून, हैदराबाद भारतात आणणारी पोलीस अ‍ॅक्शन १९४८ ला झाली तेव्हा अठरा वर्षांचे. वकिली हैदराबादला शिकले. आमच्या भागातले जमिनीचे जुने कागद सगळे उर्दूत, त्यामुळं उर्दू वाचता येणाऱ्या वकिलाकडं पक्षकारांची रांग असायची, आणि रविवारी दुपारी भाऊ मला मांडीवर घेऊन ते कागद वाचायला लावायचे. अलिफ-बे-पे मी अ-आ-ई सोबतच शिकले. स्काउट बापाच्या मांडीवर बसून पेपर वाचता वाचता वाचायला शिकते आणि मग शाळेतली नवी बाई तिला रागवते की बापाला सांग इथून पुढं शिकवू नको, हे वाचलं तेव्हा हसूच आलं मला. आमच्या गुरुजींचंही तेच म्हणणं होतं. पोरीच्या जातीला उर्दू कशाला म्हणे.

आत्याचं तर रोजचं. "भाऊ, पोरगी बिघडायलीय तुझी, चड्डी घालून सायकलवर फिरायलीय, उद्या कोण करणार हिला?" भाऊ म्हणायचे, "तिलाच इचार." बास. विषय संपला.

आमच्या घरात मारणं नव्हतं, त्याऐवजी कोर्ट भरायचं. म्हणजे चुलतभावाची माझी मारामारी झाली, किंवा कुणी बरणी फोडली, की संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी ढाळजेत बसायचं. भाऊ टेबलामागं. आधी फिर्याद, मग माझं म्हणणं, मग उलटतपासणी. साक्षीदार म्हणून आईला बोलवलं की ती म्हणायची, "मला सैपाक आहे, तुमचं तुम्ही काय ते फाशी द्या." आणि शेवटी सगळ्यात वाईट भाग, तो म्हणजे निकाल आरोपीनंच द्यायचा. तूच सांग काय शिक्षा. लोकांना हे ऐकून फार गोड वाटतं, मीपण एकदा कुठल्याशा कार्यक्रमात कौतुकानं सांगितलंय, पण खरं सांगू का, लई छळ होता तो. शेजारच्या पोरीला तिचा बाप एक चापट मारायचा आणि पाच मिनिटात ती परत खेळायला. मी रात्रभर माझीच शिक्षा ठरवत जागी. एकदा मी स्वतःला आठ दिवस आंबे बंद केले होते, ऐन मे महिन्यात, आणि भाऊंनी तो निकाल कायम केला!

दुसरा नियम असा की पोरानं प्रश्न विचारला तर उत्तर द्यायचं. टाळायचं नाही. मूल कसं होतं इथपासून माणूस फाशी दिल्यावर किती वेळात मरतो इथपर्यंत मी काहीही विचारलंय आणि भाऊंनी चष्मा काढून, पुसून, कळेल अशा शब्दात उत्तर दिलंय. अ‍ॅटिकससुद्धा हेच करतो. बलात्कार म्हणजे काय असं आठनऊ वर्षांची पोरगी विचारते तर तो कायद्याच्या भाषेत व्याख्या सांगून मोकळा होतो, आणि भावालाही बजावतो की पोरांनी विचारलं की उत्तर दे, पोरं फिरवाफिरवी मोठ्यांपेक्षा लवकर ओळखतात. ते पान मी होस्टेलमधे तीनदा वाचलं असेल. कारण एका प्रश्नाचं उत्तर भाऊंनी मला दिलं नव्हतं.

आता इथं एक राहिलंच. स्काउट आणि जेमला वाढवलं कुणी, हा प्रश्न आमच्या वर्गात कुणी विचारला नाही, मीपण नाही. अ‍ॅटिकस दिवसभर कोर्टात, अधनंमधनं विधानसभेच्या कामाला बाहेर. घरात कॅलपर्निया असते. काळी स्वयंपाकीण, तीच पोरांना खाऊ घालते, अक्षर गिरवून घेते, पाहुणा जेवताना त्याला नावं ठेवली म्हणून स्काउटला एक रट्टाही देते. बाप रात्री शहाण्यासारखं बोलतो. आमच्याकडं दिवसभर मागं पळायला आई होती, आणि मामा होते. मामा म्हणजे भाऊंचे कारकून. मोत्यासारखं अक्षर. अर्ज लिहायचे, स्टॅम्प आणायचे, तारखा सांभाळायचे, कोर्टात पुकारा झाला की पक्षकाराला हाताला धरून आत न्यायचे. मला सायकल त्यांनीच शिकवली, कॅरिअर धरून मागं पळत, धोतराचा सोगा खोचून.

मामा दलित होते. ढाळजेच्या बाहेर, दाराला लागून भिंतीत एक देवळी होती आणि त्या देवळीत एक कप असायचा. कान तुटलेला, त्यावर निळी फुलं, एका बाजूला चीर आणि चिरेत चहाचा काळपट रंग बसलेला. चहा झाला की आई वरून ओतायची, मामा पिऊन, विसळून, परत देवळीत पालथा घालायचे. मी तो कप रोज बघितलाय. उर्दू शिकवणाऱ्या, पोरीला चड्डी घालू देणाऱ्या, घरात कोर्ट भरवणाऱ्या भाऊंच्या टेबलापासून तो कप चारपाच हातावर होता. त्या कपाबद्दल मी कधी काही विचारलं नाही, कारण विचारावं असं काही त्यात आहे हेच मला दिसलं नव्हतं. भाऊंना दिसलं होतं का? देव जाणे.

मग १९७८ चा आषाढ आला.

२७ जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. विद्यापीठ १९५८ चं, औरंगाबादचं. त्याच औरंगाबादेत १९५० ला बाबासाहेबांनी मिलिंद कॉलेज काढलं होतं, कारण निजामी राजवटीनंतर या भागात उच्च शिक्षणाची फारशी सोयच नव्हती. म्हणजे नाव द्यायला इतकं सरळ कारण दुसरं नसेल. पण ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. एस.टी. बंद, शाळा बंद, गावोगाव दलितवस्त्या जाळल्या, माणसं रात्रीतून पळाली, नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळेंना मारून टाकलं. मी दहा वर्षांची. मला एवढंच कळत होतं की शाळेला सुट्टी आहे, पाऊस लागून राहिलाय, माळवद गळायलंय आणि भाऊ रेडिओला कान लावून बसतात ते उठत नाहीत.

आमचं मूळ गाव आमच्या तालुक्यापासून दहाबारा मैलावर. तिथली वस्ती जळाली. जाळणाऱ्यात आमचीच भावकी होती, अकरा जण धरले होते पोलिसांनी. आणि मामांची बहीण त्याच गावात दिलेली. तिचं घर त्या वस्तीत. ती पोरं घेऊन, अंगावरच्या लुगड्यानिशी मामांकडं आली आणि त्या दिवसापासून मामा कामावर यायचे थांबले.

चौथ्या का पाचव्या रात्री ट्रॅक्टर वाजला. सातआठ माणसं, ओल्या घोंगड्यांचा आणि डिझेलचा वास, ढाळज भरून गेली. मी माजघराच्या दारामागं. पुढं आबा होते, भाऊंचे मोठे भाऊ. भाऊ आधी नाहीच म्हणत होते. ४३६ कलम आहे, घर जाळल्याचं, जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, सेशन्सचं काम आहे, परभणीचा चांगला वकील बघा, मी नाव देतो. मग कुणीतरी म्हणलं, आपल्या घरचा वकील असताना दुसऱ्याच्या दारात कामून जावं? मग बराच वेळ कुणी बोलेना. पाऊस आणि कंदिलाचा फडफड आवाज. लाईट गेलेले होते.

आबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि टेबलावर, भाऊंच्या पुढ्यात ठेवली. म्हणाले, "इहिरीवरचं रान इकून शिकविलं तुला. मी कधी काही मागितलं का?"

भाऊ उठले. ती टोपी दोन्ही हातांनी उचलली, आबांच्या डोक्यावर नीट बसवली. मग खाली बसले आणि पेनाचं टोपण काढलं.

वकीलपत्र भरायचं काम कायम मामांचं. भाऊंचं अक्षर म्हणजे मुंग्या चालल्यासारखं. त्या रात्री ते एकेक नाव विचारत होते, बापाचं नाव, वय, राहणार, आणि लिहीत होते, अकरा नावं, त्यातली चार मला दिवाळीला ओवाळणी घालणारी. मग खाली वकिलानं स्वीकारल्याची सही असते ती केली. अंगठे-सह्या उद्या जेलमधे जाऊन घेऊ म्हणाले. आईनं पितळेच्या किटलीतनं चहा आणला. दुसऱ्या दिवशी जामिनाचा अर्ज त्यांनी स्वतःच दोन बोटांनी टाईप केला, टक, टक, थांबायचे, परत टक. एस.टी. सुरू झाल्यावर परभणीला गेले. काही आठवड्यांनी जामीन झाला.

मी विचारलं होतं. अर्ज टाईप करत होते तेव्हाच. "भाऊ, आत्याबाईचं घर यांनीच जाळलं ना?" मामांच्या बहिणीला मी आत्याबाई म्हणायचे. भाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आणि टाईप करत राहिले.

बरं, नुसतं वाईट म्हणून सोडून द्यावं असंही ते नाही, हीच तर माझी अडचण आहे. कायद्यानं बघितलं तर भाऊंनी चूक काय केलं? आरोपीला आपल्या पसंतीचा वकील मिळायचा हक्क घटनेच्या २२ व्या कलमात आहे. वकिलानं आलेलं काम घ्यावं, खास कारण असेल तरच नाकारावं, हे बार कौन्सिलच्या नियमातच आहे. गुन्हा शाबीत होईपर्यंत माणूस निर्दोष. हे सगळं मला भाऊंनीच ढाळजेतल्या कोर्टात शिकवलं होतं, आणि अ‍ॅटिकस ज्यावर उभा आहे ते हेच तत्त्व आहे की. कितीही गाव विरोधात गेलं तरी आरोपीला वकील मिळालाच पाहिजे. फरक एवढाच की मेकोम्बमधे आरोपी दुबळा होता आणि आमच्याकडं आरोपी आमचेच, दांडगे, ट्रॅक्टरवाले. तत्त्व एकच आहे, त्याला समोर कोण उभा आहे ते दिसत नाही.

आणि म्हणून मला वाटतं की अ‍ॅटिकसचं आपण जे कौतुक करतो त्यात थोडी लबाडी आहे, आपली. टॉमची केस तो शोधत गेलेला नाही. जज टेलर ती त्याच्यावर सोपवतो, असलं काम आयुष्यात कधी वाट्याला येऊ नये असंच त्याला वाटत होतं हे तो स्वतःच भावाला सांगतो. म्हणजे कोर्टानं नेमलंय म्हणून कर्तव्य आणि मनाला पटतंय म्हणून सद्सद्विवेक, दोन्ही बैल एकाच दिशेला ओढायलेत. गाव विरोधात होतं, पोरांवर हल्ला झाला, किंमत मोठीच मोजली त्यानं, नाही कशाला म्हणू. पण त्याच्यापुढं कुणी टोपी काढून ठेवली नव्हती.

त्याचे बैल फक्त एकदाच फाकतात, ते शेवटी. टॉमवर आरोप करणाऱ्या पोरीचा बाप बॉब यूएल पोरांवर सुरा घेऊन येतो, झटापटीत तोच मरतो. अ‍ॅटिकसला आधी वाटतं जेमनं मारलं, आणि गंमत बघा, हा बाप लगेच म्हणायला लागतो की जे असेल ते कोर्टापुढं येऊ दे, पोराला खोटं बोलून वाचवलं तर मी त्याच्या डोळ्याला डोळा कसा भिडवू. मग हळूहळू कळतं की मारलं ते बू रॅडलीनं, वर्षानुवर्षं घराबाहेर न पडलेल्या शेजाऱ्यानं, पोरांना वाचवायला. आणि शेरीफ हटून बसतो, की यूएल स्वतःच्याच सुऱ्यावर पडला. बास. अ‍ॅटिकस खूप वेळ खाली बघत बसतो आणि मग मान्य करतो. पुस्तकभर कायदा कायदा करणारा माणूस शेवटच्या पानांवर एक खोटं पदरात घेतो, आणि ते बरोबर आहे असं आठ वर्षांची पोरगी त्याला समजावते. त्या पानाशी मला अ‍ॅटिकस पहिल्यांदा आमच्या ढाळजेत बसल्यासारखा वाटला. खाली बघत.

आता टॉमच्या पोरांचं काय, ती त्या रात्री कुठं होती, पुढं काय शिकली, हे पुस्तक सांगत नाही. पुस्तक फिंचच्या व्हरांड्यातनं लिहिलंय. तशी मीपण ढाळजेतनंच लिहायलेय म्हणा.

त्या ऑगस्टनंतर घरात दोन गोष्टी झाल्या. पोळ्याच्या आसपास मी भाऊंची शाईची दौत सांडली, मुद्दाम नाही, पण चांगलं एक खरेदीखत निळं झालं. संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर मी आपणहून ढाळजेत जाऊन उभी राहिले. भाऊ कागद बघत होते. वर बघितलं, म्हणाले, "जा, खेळ जा." मी थांबले. परत म्हणाले, "जा." त्यानंतर आमच्या घरात कोर्ट कधी भरलं नाही.

तेव्हा मला सुटल्यासारखं झालं होतं! बारा वर्षांनी होस्टेलमधे वाचलं की स्काउट विचारते तू ही केस कशाला घेतलीस, आणि अ‍ॅटिकस जी कारणं देतो त्यातलं एक असं की नाही घेतली तर तुला आणि जेमला अमुक करू नका असं परत कधी सांगायची माझी लायकी राहणार नाही. पुस्तक मिटून मी गच्चीवर गेले आणि बराच वेळ वरच बसले.

दुसरी गोष्ट ज्वारीची. आबांनी सुगीला फीऐवजी ज्वारीचं पोतं पाठवलं. भाऊ काही बोलले नाहीत, आत घ्या म्हणाले नाहीत की परत न्या म्हणाले नाहीत. ते ढाळजेच्या कोपऱ्यात पडून राहिलं. आईनं दोनदा विचारलं, मग तिनंही सोडून दिलं. उन्हाळ्यापर्यंत त्याला टोके लागले, भिंतीवर चढायला लागले, कायद्याच्या पुस्तकात शिरले. शेवटी गड्यानं म्हशीपुढं टाकलं.

खटल्यात भाऊ उभे राहिले नाहीत. जामिनानंतर कागद परभणीच्या वकिलाकडं दिले. अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा यायला तेव्हा अजून अकरा वर्षं होती, साक्षीदार एकेक करून फुटले, काही वर्षांनी सगळे सुटले. भाऊंनी मात्र परत फौजदारी काम घेतलं नाही. वाटण्या, बांध, खरेदीखतं, उर्दू कागद. मिळकत निम्म्यावर आली असणार. अ‍ॅटिकसचंही असंच आहे बरं का, त्याचे पहिले दोन अशील फासावर गेले आणि तिथनं त्याचं फौजदारी कामातलं मन उडालं, असं पुस्तकात सुरुवातीलाच येऊन जातं, लक्षातही राहत नाही. हार्पर लीचे वडीलही वकीलच. त्यांनी वकिलीच्या सुरुवातीला खुनाच्या खटल्यात दोन काळ्या माणसांचं काम चालवलं होतं, दोघांना फाशी झाली, आणि त्यांनी पुन्हा फौजदारी खटला घेतला नाही. लेकीनं त्यातनं अ‍ॅटिकस घडवला. माझ्याकडं घडवायला माल होता तो असा उलटा.

मामा नऊ दिवसांनी परत आले होते. त्यांना कळलं होतंच, तालुक्याला काय लपतंय. टेबलाशी बसले, तारखांची वही उघडली. आईनं चहा आणला तर म्हणाले, "सोडला मी चहा, वहिनी." देवळीतला कप तसाच पालथा. दिवाळीपर्यंत काम केलं, मग औरंगाबादला गेले, कुठल्यातरी ऑफिसात लागले म्हणे. जाताना माझ्या सायकलची चेन बसवून दिली. कप आईनं कधी काढला माहीत नाही. एक दिवस देवळीत नव्हता.

विद्यापीठात मला त्यांची मुलगी भेटली. योगायोग वगैरे काही नाही, परभणीचं कृषी सोडलं तर मराठवाड्यात विद्यापीठ तेव्हा एकच, सगळेच तिथं. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, इतिहास करत होती. मी कपाबद्दल बोलायला लागले, फार दिवस साठवलेलं, तर ती म्हणाली, "ते कपाचं सोड गं, कप सगळीकडंच असायचे. दादा म्हणायचे, वकीलसाहेब चांगला माणूस. बाकीच्यांकडून त्यांना काही अपेक्षाच नव्हती, म्हणून बाकीच्यांचं काही वाटलं नाही." आणि मला म्हणाली, मेसला पोळ्या संपतील, चल. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचा नामविस्तार होऊन बाबासाहेबांचं नाव लागलं तेव्हा मी लग्न होऊन पुण्यात होते. तिला पत्र लिहिलं. उत्तर आलं, छान मोठं. त्यात वडिलांचा उल्लेख नव्हता.

भाऊंना मी एकदाच परत विचारलं. २००३ साली, त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, पट्टी बांधून पडलेले, मी थेंब घालायला. चेहऱ्याला चेहरा द्यायचा नव्हता म्हणून धीर झाला असेल. म्हणलं, भाऊ, ती सही का केली. बराच वेळ गेला, मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "कारकून काही बोलला होता का तुझ्यापाशी?"

नाही म्हणलं.

"हं," म्हणाले. तीन वर्षांनी गेले.

२०१५ ला हार्पर लीचं दुसरं पुस्तक आलं, 'गो सेट अ वॉचमन', खरं म्हणजे आधी लिहिलेलं, नंतर छापलेलं. त्यात स्काउट सव्वीस वर्षांची आहे, न्यूयॉर्कहून गावी येते, आणि कोर्टाच्या त्याच गॅलरीतनं, जिथं बसून तिनं लहानपणी बापाला टॉमसाठी लढताना बघितलं होतं, तिथनं बघते की बाप गोऱ्यांच्या वर्चस्ववादी सभेत टेबलाशी बसलाय. जगभरचे वाचक खवळले, आमचा अ‍ॅटिकस नासवला म्हणाले, हे पुस्तक छापायलाच नको होतं म्हणाले. पुस्तक म्हणून ते कच्चंच आहे, संवाद लांबलेत, शेवट तर गुंडाळलाय. पण मी काही खवळले नाही. मला तर वाटलं, चला, आता हा माणूस ओळखीचा झाला.

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. वाडा आता चुलतभावाकडं आहे, ढाळजेत त्याचं झेरॉक्सचं दुकान. देवळीत मोबाईलचा चार्जर. माझा मुलगा एकवीस वर्षांचा, लॉ करतोय, आजोबांचं त्याला भारी कौतुक, त्या ढाळजेतल्या कोर्टाच्या गोष्टी त्यानं माझ्याकडून दहा वेळा ऐकल्यात, मित्रांना सांगतो, त्याच्या खोलीत भाऊंचा काळ्या कोटातला फोटो आहे. टोपीची गोष्ट मी त्याला कधी सांगितली नव्हती. चुलतभाऊ जेवताना बोलता बोलता बोलून गेला, नामांतराच्या वेळेला आपली अकरा माणसं काकांनीच सोडवली होती, अशा अभिमानानं बोलला की त्याला काही वाटलंही नाही.

रात्री गच्चीवर अंथरुणं टाकली होती. माळवद काढून आता स्लॅब टाकलाय. थंडी पडायला लागलेली, पोरगं बराच वेळ आडवं पडून मोबाईल बघत होतं, मग मोबाईल उलटा ठेवला.

"आई, मामा म्हणाला ते खरंय का? आजोबांनी घेतलं होतं त्यांचं वकीलपत्र?"

चष्मा मी आधीच काढून ठेवलेला होता, त्यामुळं पुसायलाही काही नव्हतं.

"हो," म्हणलं. "मी दारामागं होते. उठून बस, सांगते."